लिनक्स डेस्कटॉपचे चित्रमय श्रेणीवर्धन आणि मराठी अक्षराची परीक्षा

संगणकाच्या व्यवहारात ‘अपडेट’ आणि ‘अपग्रेड’ हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. प्रस्तुत विषयाच्या विवेचनासाठी मात्र त्यांतील भेद प्रथम ध्यानी घेणे अवश्य आहे. ग्रंथव्यवहारातील उपमा द्यावयाची तर पहिली क्रिया म्हणजे छापून झालेल्या ग्रंथास शुद्धिपत्र जोडणे होय. दुसरी म्हणजे त्या ग्रंथाची नवी आवृत्ती काढणे होय. पहिलीस अद्यतन आणि दुसरीस श्रेणीवर्धन असे आपण म्हणू. अद्यतनाने काही दोष तेवढे दुरुस्त होतात. श्रेणीवर्धनाने प्रणालीचा गाभा, तिचे टंक, तिची अक्षरजुळणी, तिच्या खिडक्यांची मांडणी हे सर्वच पालटते, आणि तेही वापरणाऱ्याच्या फायली जागच्या जागी ठेवून. राहत्या घराचा पाया बदलावा आणि ताकातली रवीसुद्धा हलू नये, अशी ही अपेक्षा आहे. ती कितपत पुरी होते हे नवी आवृत्ती प्रसृत होण्यापूर्वी तपासून पाहावे लागते आणि ते काम बव्हंशी स्वयंसेवक करतात.

हे श्रेणीवर्धन दोन मार्गांनी करता येते. एकात आज्ञा टंकावयाच्या असतात. दुसऱ्यात पडद्यावरील सूचना वाचून बटणे दाबावयाची असतात. ह्या दुसऱ्या मार्गास चित्रमय असे विशेषण लावतात. जाणकारांच्या वर्तुळात ह्या विशेषणाकडे नवशिक्यांची सोय म्हणून, किंबहुना थोड्याशा उपहासानेच, पाहण्याची प्रथा आहे. प्रस्तुत निबंधात मांडावयाचे आहे ते असे, की देवनागरीत वाचणाऱ्या मनुष्याच्या बाबतीत हा सोयीचा प्रश्न नसून लिपीचा प्रश्न आहे. आज्ञांच्या पडद्यावर मराठी उमटूच शकत नाही. म्हणून चित्रमय मार्ग ज्या काळात बंद होता त्या काळात मराठीचा मार्गही बंद होता. लिनक्सच्या फेडोरा ह्या शाखेच्या इतिहासात असा एक काळ निश्चितपणे दाखविता येतो, आणि ह्या शाखेच्या भारतीय भाषांविषयीच्या कामाचा मोठा भाग पुण्यात झाला असल्यामुळे तो इतिहास आपल्या दृष्टीने परका नाही.

प्रथम आज्ञापटलाची अडचण पाहू. लिनक्सचा मूळ अक्षरपडदा, ज्यास कन्सोल म्हणतात, तो समान आकाराच्या चौकटींचा बनलेला असतो. एका चौकटीत एक आकृती, आणि अशा आकृती एका वेळी फार तर ५१२. ही मर्यादा जुन्या व्हीजीए यंत्रणेपासून चालत आलेली आहे. रोमन लिपीस ती पुरून उरते. देवनागरीतील जोडाक्षरांचा पसारा पाहता ५१२ आकृती अपुऱ्या पडतीलच, पण खरी अडचण संख्येची नाही. ती क्रमाची व जुळणीची आहे. आपल्या गावाचेच नाव घ्या. ‘नाशिक’ हा शब्द संगणकात न, काना, श, ऱ्हस्व वेलांटी, क ह्या क्रमाने साठविलेला असतो, कारण उच्चारात इकार शकारानंतर येतो. डोळ्यांस मात्र वेलांटी शकाराच्या आधी दिसावी लागते. साठविण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम यांतील हा फरक मिटविणारा कोणी मध्यस्थ हवा. छापखान्यात हे काम जुळारी करीत असे. खिळ्यांच्या घरांतून वेलांटीचा खिळा आधी उचलावयाचा हे त्याच्या बोटांना ठाऊक होते. कन्सोलच्या पडद्यामागे असा जुळारी कधीच नव्हता आणि आजही नाही.

असा जुळारी लिनक्सला मिळाला तो डेस्कटॉपबरोबर. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आपल्या प्रणालीची घोषणा केली तेव्हा तिला खिडक्यांचे रूप नव्हते. केडीई हा डेस्कटॉप प्रकल्प १९९६ मध्ये व ग्नोम हा १९९७ मध्ये सुरू झाला. १९९९ मध्ये ओवेन टेलर यांनी पँगो ह्या जुळणीयंत्रणेचे काम हाती घेतले. ‘सर्व’ ह्या अर्थाचे ग्रीक पद आणि ‘भाषा’ ह्या अर्थाचे जपानी पद जोडून हे नाव घडविलेले आहे. दोन कुळांतील पदांचा असा समास व्याकरणास रुचला नाही तरी हेतू त्यातून स्पष्ट होतो. जून २००२ मध्ये ग्नोमची दुसरी मालिका पँगोसह प्रसृत झाली. त्याच वर्षी रेड हॅट लिनक्सच्या आठव्या आवृत्तीने युनिकोडची यूटीएफ-८ ही मांडणी मूळ मांडणी म्हणून स्वीकारली. ह्या दोन घटनांनंतर लिनक्सच्या खिडकीत मराठी वाक्य शुद्ध दिसणे ही तत्त्वतः शक्य गोष्ट झाली.

तत्त्वतः म्हणण्याचे कारण असे, की जुळारी आला तरी खिळे हवेतच. २००४ मध्ये रेड हॅटने भारतीय लिप्यांसाठी लोहित नावाचे टंक मुक्तपणे उपलब्ध करून दिले. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीच्या तांबड्या टोपीचे हे संस्कृत रूपांतर ज्याला सुचले त्याच्या रसिकतेस दाद द्यावीशी वाटते. पुण्यातील गटाने मराठीसह अनेक भारतीय भाषांत प्रणालीचे शब्द उतरविले आणि मार्च २००७ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या पाचव्या आवृत्तीत मराठीचा समावेश झाला. सी-डॅकने त्याच वर्षी बॉस ही भारतीय भाषांसाठीची लिनक्स-आवृत्ती काढली. २००८ मध्ये फ्युएल हा प्रकल्प निघाला. पडद्यावर वारंवार येणाऱ्या शब्दांना प्रत्येक भाषेत एकच ठरावीक प्रतिशब्द असावा, एका खिडकीत ‘संचिका’ आणि दुसरीत ‘फाइल’ असे होऊ नये, हा त्याचा उद्देश होता. त्या शब्दनिवडींबद्दल भाषाशास्त्रज्ञाला बरेच बोलता येईल. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता श्रेणीवर्धनाकडे वळू. फेडोराची पहिली आवृत्ती नोव्हेंबर २००३ मध्ये आली. साधारणपणे दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, आणि प्रत्येक आवृत्तीचे आयुष्य सुमारे तेरा महिने, असा तिचा क्रम ठरला. अर्थात फेडोरा वापरणाऱ्यास वर्षातून एकदा तरी स्थलांतर चुकत नसे. आरंभी हे स्थलांतर अॅनाकोंडा नावाच्या स्थापनाकार्यक्रमाद्वारे होई. नव्या आवृत्तीची तबकडी घालून यंत्र सुरू केले, की अॅनाकोंडा जुनी प्रणाली ओळखून ‘नव्याने स्थापना की श्रेणीवर्धन’ असे विचारी. हा कार्यक्रम चित्रमय रीतीने चालत असेल तर मराठीत चाले. पण यंत्राच्या चित्रपट्टिकेशी त्याचे जमले नाही, तर तो अक्षरपद्धतीत उतरे आणि तेथे, निवडलेली भाषा ह्या पद्धतीत दाखविता येत नसून पुढील काम इंग्रजीत चालू राहील, अशा अर्थाची सूचना देई. सूचना प्रामाणिक होती. मात्र तिचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा: भाषांतर झालेले होते, टंक होता, जुळारीही होता, आणि तरीही केवळ चित्र उमटले नाही म्हणून भाषा गळाली. फ्रेंच वा जर्मन वापरणाऱ्यावर हा प्रसंग येत नव्हता.

मे २००८ मध्ये नवव्या आवृत्तीबरोबर प्रीअपग्रेड हा कार्यक्रम आला. चालू डेस्कटॉपवरच खिडकी उघडावी, हवी ती आवृत्ती निवडावी, आवश्यक ते सर्व उतरवून घ्यावे आणि यंत्र पुन्हा सुरू करून उरलेले काम अॅनाकोंडाकडे सोपवावे, अशी त्याची योजना होती. तबकडीची गरज उरली नाही. त्याचे दोषही होते. आरंभविभागात जागा अपुरी पडणे हा त्यांतील नेहमीचा. परंतु २००८ ते २०१२ ह्या काळात मराठी वापरणाऱ्यासाठी आरंभापासून अखेरपर्यंत चित्रमय असा मार्ग अस्तित्वात होता, हे निर्विवाद आहे.

१५ जानेवारी २०१३ रोजी अठरावी आवृत्ती प्रसृत झाली. ती मुळात ६ नोव्हेंबर २०१२ रोजी यावयाची होती. विलंबाचे मुख्य कारण अॅनाकोंडाचे संपूर्ण पुनर्लेखन हे होते. त्या पुनर्लेखनात श्रेणीवर्धनाचा भाग अॅनाकोंडातून काढून टाकण्यात आला, प्रीअपग्रेड निवृत्त झाले आणि त्या जागी फेडअप नावाचे नवे साधन आले. फेडोरा आणि अपग्रेड यांची ही संधी असली तरी इंग्रजीत त्या जोडशब्दाचा अर्थ ‘पुरता वैतागलेला’ असा होतो; कर्त्यांनी तो जाणूनबुजून ठेवला असावा असे मानावयास हरकत नाही. फेडअप आज्ञेने चालणारे साधन होते. त्याला पुढे चित्रमय रूप देण्याचा मानस होता, तो सिद्धीस गेला नाही. नोव्हेंबर २०१५ मधील तेविसाव्या आवृत्तीच्या वेळी त्याची जागा डीएनएफच्या श्रेणीवर्धन-जोडणीने घेतली. तीही आज्ञेनेच चाले.

हा खंड केवढा? १५ जानेवारी २०१३ पासून २१ जून २०१६ पर्यंत, म्हणजे तीन वर्षे पाच महिने. ह्या अवधीत डेस्कटॉपच्या खिडकीत आज्ञापटल उघडून काम करता येत होते, असे कोणी म्हणेल. परंतु ते आज्ञापटलही चौकटींच्या हिशेबाने चालणारे आहे. त्यात मराठी अक्षरे उमटली तरी वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कळीत होतात. नव्या आवृत्तीची कोरी स्थापना मराठीत करता येत होती, हेही खरे. पण कोरी स्थापना म्हणजे श्रेणीवर्धन नव्हे. तो घर रिकामे करून नव्या घरी जाण्याचा प्रकार झाला. तात्पर्य, जुन्या मराठी डेस्कटॉपवरून नव्या मराठी डेस्कटॉपवर मराठी वाचत जाण्याचा अधिकृत मार्ग ह्या काळात नव्हता. कोणाच्या दुष्ट हेतूने हे घडलेले नाही. श्रेणीवर्धन यशस्वी केव्हा मानावयाचे याचे जे लिखित निकष प्रकल्पाने ठरविले होते त्यांत ‘ते पूर्ण होऊन नवी प्रणाली सुरू व्हावी’ ही अट होती. ते वापरणाऱ्याच्या लिपीत व्हावे ही अट नव्हती. आज्ञेचा मार्ग चालतो आहे, तेव्हा परीक्षा उत्तीर्ण, असा तो हिशेब होता. जे निकषात नसते ते परीक्षकास दिसत नाही. परीक्षापद्धतीचा अनुभव असलेल्या अध्यापकवर्गास हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आणखी एक योगायोग ह्याच अठराव्या आवृत्तीत घडला, आणि तो मराठीच्या दृष्टीने अधिक खोलवरचा आहे. २०१२ मध्ये पँगोने आपली जुनी जुळणीयंत्रणा टाकून हार्फबझ ही नव्याने लिहिलेली यंत्रणा स्वीकारली. बेहदाद एस्फहबोद ह्या इराणी वंशाच्या अभियंत्याने ती सिद्ध केली; ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाझ’ म्हणजे मुक्त, असा त्या फारसी नावाचा अर्थ असून ओपनटाइप ह्या टंकपद्धतीच्या नावाचेच ते भाषांतर आहे. म्हणजे सतराव्या आवृत्तीवरून अठराव्या आवृत्तीवर जाणाऱ्या मराठी मनुष्याचे स्थापनासाधन बदलले, श्रेणीवर्धनसाधन बदलले आणि पडद्यामागचा जुळारीही बदलला. आणि जुळारी सगळीकडे एकदम बदलला असेही नाही. लिबरऑफिसने लिनक्सवर हार्फबझ स्वीकारली ती जुलै २०१३ मधील ४.१ ह्या आवृत्तीत. त्यामुळे मधल्या काही महिन्यांत एकच मराठी वाक्य एका खिडकीत एका जुळाऱ्याने आणि दुसऱ्या खिडकीत दुसऱ्याने जुळविलेले, अशी स्थिती होती.

हार्फबझची तपासणी कशी झाली हे पाहणे उद्बोधक आहे. विकिपीडियावरून गोळा केलेल्या भारतीय लिप्यांतील शब्दराशी घेऊन त्या मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइब ह्या यंत्रणेकडून जुळवून घेतल्या गेल्या, त्याच शब्दराशी हार्फबझकडूनही जुळविल्या गेल्या, आणि दोहोंत जेथे फरक पडला तेथे कारण शोधले गेले. मनुष्याने एका आयुष्यात वाचता येणार नाहीत इतके शब्द अशा रीतीने तपासता येतात, हा तिचा मोठा गुण होय. परंतु ही एका जुळाऱ्याची दुसऱ्या जुळाऱ्याशी केलेली तुलना आहे. दोघांची चूक एकच असेल तर ती निसटते. मुद्रितशोधक येथे नाही.

२०१६ च्या मार्च महिन्यात ग्नोमची ३.२० ही आवृत्ती आली. त्या वर्षीची ग्नोम-आशिया परिषद भरविणाऱ्या मंडळींच्या सन्मानार्थ तिला ‘दिल्ली’ हे नाव देण्यात आले होते. ह्या आवृत्तीतील सॉफ्टवेअर-केंद्रात संपूर्ण प्रणालीचे श्रेणीवर्धन करण्याची सोय प्रथमच झाली, आणि फेडोराने २१ जून रोजी आलेल्या चोविसाव्या आवृत्तीसाठी ती वापरण्याचे ठरविले. येथे एक गोष्ट नजरेतून सुटता कामा नये. तेविसाव्या आवृत्तीवरून चोविसाव्या आवृत्तीवर नेणारे साधन हे तेविसाव्या आवृत्तीत असावे लागते. म्हणून नव्या आवृत्तीच्या आधी जुन्या आवृत्तीतच ह्या केंद्राची नवी प्रत घालावी लागली. श्रेणीवर्धनाची परीक्षा ही नावाने नव्या आवृत्तीची, पण वस्तुतः जुनीची परीक्षा असते. घर सोडून जाणाऱ्याची बांधाबांध ज्या घरात होते ते जुनेच असते.

परीक्षेची रीत थोडक्यात अशी. जुनी प्रणाली पूर्णपणे अद्ययावत करावयाची, आपल्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवावयाची, आणि शक्यतो रोजच्या कामाच्या यंत्रावर प्रयोग न करता आभासी यंत्रावर करावयाचा. सॉफ्टवेअर-केंद्रात नव्या आवृत्तीची सूचना येते. ती आली नाही तर तोच पहिला दोष. मग सर्व संपुटे उतरवून घेतली जातात आणि हे चालू असताना आपले काम थांबत नाही. नंतर यंत्र पुन्हा सुरू होते, परंतु नेहमीच्या डेस्कटॉपवर न येता एका मर्यादित अवस्थेत येते. तेथे प्रगतीची पट्टी तेवढी दिसते, संपुटे बदलली जातात आणि यंत्र पुन्हा एकदा सुरू होऊन नव्या आवृत्तीत प्रवेश करते. ही मधली अवस्था मुद्दाम निर्माण केलेली आहे. चालत्या गाडीचे चाक बदलू नये, ह्या साध्या विचारातून अठराव्या आवृत्तीच्या काळात ती साध्या अद्यतनांसाठी आली आणि पुढे श्रेणीवर्धनासही उपयोगी पडली. शेवटी प्रवेशचौकट दिसते, परवलीचा शब्द दिला की डेस्कटॉप येतो, आणि परीक्षक आपल्या अहवालात ‘यशस्वी’ असे नोंदवितो.

मराठी परीक्षकाचे काम येथून सुरू होते. डेस्कटॉप आला, पण तो वाचता येतो काय? त्यासाठी नमुनाशब्दांची एक यादी हाती असावी असे मला वाटते, आणि ती बनविण्यास नाशिक जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. ‘नाशिक’ ह्या शब्दाने वेलांटीचा क्रम कळतो आणि मराठी वळणाचा श उमटतो की हिंदी वळणाचा, हेही कळते. ‘त्र्यंबकेश्वर’ ह्या शब्दाच्या आरंभी तीन व्यंजने व दोन हलन्तचिन्हे मिळून एक अक्षर व्हावयाचे असते. अर्धवट जुळारी तेथे पाय मोडलेला त दाखवून मोकळा होतो. ‘ब्रह्मगिरी’मध्ये ह्म हे जोडाक्षर, ‘सप्तशृंगी’मध्ये शकाराखाली बसणारा ऋकार, ‘सह्याद्री’मध्ये ह्य आणि द्र, ‘सिन्नर’मध्ये न्न, ‘कळवण’मध्ये ळ. ‘साल्हेर’ आणि ‘मुल्हेर’ ह्या बागलाणातील दोन किल्ल्यांनी अर्धा ल तपासून घ्यावा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयान्वये मराठी वर्णमाला प्रमाणित केली, तेव्हापासून ल आणि श यांच्या वळणाचा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहिलेला नाही. ओपनटाइप टंकात एकाच देवनागरी संचात मराठीसाठी वेगळी वळणे ठेवण्याची तरतूद आहे, पण मजकूर मराठी आहे हे प्रणालीने जुळाऱ्यास कळविले तरच ती वळणे उमटतात. श्रेणीवर्धनात भाषेची निवड हरवली, तर अक्षरे शुद्धच दिसतील, मात्र परकी दिसतील. हा दोष हिंदी जाणणाऱ्यासही दिसणार नाही. तो मराठी वाचकालाच खटकेल. आमच्या गावी नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात आणि नोटेवरील भाषापट्टीत मराठीची एक ओळ असते. त्या ओळीतील एक वळण चुकले तर काय होईल, याची कल्पना करून पाहावी.

यादीतील सर्वांत महत्त्वाचे शब्द मात्र स्थळनामे नव्हेत. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ ही जोडी मराठी भाषेच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. पहिलीत रफार आहे, मागील अक्षरावर आघात आहे आणि अर्थ गुरूला असा आहे; दुसरीत आडवा अर्धा र आहे, आघात नाही आणि अर्थ स्वयंपाक्याला असा आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हीही तशीच जोडी: एक समुद्र, दुसरी सह्याद्रीच्या कुशीतील दरीचे अनेकवचन. निफाडकडील ‘गुऱ्हाळ’ हा शब्दही यादीत असावा, कारण हा र यकाराप्रमाणेच हकारापूर्वीही येतो. हा भेद हिंदीत नाही. म्हणून देवनागरी तपासली म्हणजे मराठी तपासली असे होत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा देता येणार नाही.

युनिकोडमध्ये ह्या आडव्या र-चा इतिहास काहीसा वळणावळणाचा आहे. १९९६ मधील दुसऱ्या आवृत्तीच्या रीतीप्रमाणे तो र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी लिहिला जाई. पुढे ऱ हे टिंबयुक्त अक्षर आणि हलन्त अशी रीत पुरस्कृत झाली. जुनी रीतही ग्राह्य राहिली. गंमत अशी, की ह्या ऱ-चे मुख्य प्रयोजन द्राविड भाषांतील एका वेगळ्या रकाराचे लिप्यंतर हे नोंदलेले आहे, आणि मराठीचा आचारी त्याच्या आश्रयाने राहतो. असेच द्वैत इंग्रजी शब्दांतील ॲ ह्या स्वराचे आहे. एप्रिल २००८ मधील ५.१ ह्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. तत्पूर्वी तो अ आणि चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिला जाई, आणि सवयीने अजूनही अनेकजण तसाच लिहितात. डोळ्यांस दोन्ही एकच. संगणकाच्या हिशेबी मात्र ती दोन भिन्न लेखने आहेत.

ह्याचा श्रेणीवर्धनाशी संबंध असा, की श्रेणीवर्धन प्रणाली बदलते, फायली बदलत नाही. पंधरा वर्षांपूर्वी जुन्या रीतीने टंकलेला प्रबंध त्याच अक्षरसंकेतांसह नव्या आवृत्तीत येतो. नवा जुळारी दोन्ही रीती जाणत असेल तर तो शुद्ध दिसतो, आणि परीक्षक समाधानाने पुढे जातो. पण नव्या आवृत्तीबरोबर कळफलकाचा नकाशाही बदलला असेल (फेडोरात २००९ च्या अकराव्या आवृत्तीपासून ते काम आयबस पाहते), आणि त्याने र-चे नवे लेखन स्वीकारले असेल, तर पडद्यावर हुबेहूब दिसणारा ‘आचाऱ्यास’ हा शब्द शोधचौकटीत टंकूनही जुन्या प्रबंधात सापडत नाही. साधा शोध संकेतांची तुलना करतो, आकृतींची नव्हे. चित्र पाहून निर्णय देणारी यंत्रपरीक्षाही येथे आंधळी ठरते. ओपनक्यूए नावाची अशी यंत्रणा फेडोराने २०१५ च्या सुमारास स्वीकारली. ती पडद्याचे चित्र घेऊन आधी ठरविलेल्या नमुनाचित्राशी ताडून पाहते, आणि स्थापनेच्या तिच्या परीक्षांत फ्रेंच, रशियन, जपानी, अरबी ह्या भाषांचे नमुने आलेले आहेत. अशा यंत्रणेत मराठीचे नमुनाचित्र घालावयाचे झाले तर ते मराठी वाचणाऱ्याने निवडावे लागेल. आणि शोधाची परीक्षा चित्राने होणारच नाही, ती स्वतंत्रपणे करावी लागेल.

करावयाची रीत अवघड नाही. श्रेणीवर्धनापूर्वी तीन लहान फायली कराव्यात. पहिलीत ‘आचाऱ्यास, दऱ्या, गुऱ्हाळ’ हे शब्द जोडचिन्हाच्या जुन्या रीतीने, दुसरीत ऱ-च्या नव्या रीतीने, आणि तिसरीत ‘ॲप, बॅट, ऑफिस’ हे शब्द, त्यांतील ॲ दोन्ही रीतींनी लिहून, ठेवावेत. तिन्हींचे छापील मुद्रित काढावे. श्रेणीवर्धन झाल्यावर त्याच फायली मजकूर-संपादकात, लिबरऑफिसमध्ये आणि न्याहाळकात उघडून मुद्रिताशी ताडून पाहाव्यात, आणि मग नव्या प्रणालीच्या कळफलकाने तेच शब्द टंकून प्रत्येक फायलीत शोधावेत. जेथे डोळ्यांस शब्द दिसतो आणि शोधास सापडत नाही, तेथे दोष-नोंद करावी. नोंदीत दोन्ही रीतींचे अक्षरसंकेत क्रमाने लिहावेत, कारण ती नोंद वाचणाऱ्या अभियंत्यास मराठी येत असेलच असे नाही आणि त्याच्या पडद्यावर ते दोन शब्द एकसारखेच दिसणार आहेत.